मुदतीच्या चार दिवस आधी

कोणताही कागद हाती आला की साहेब तो आधी उलटा करून पाहायचे. मग चष्मा कपाळावर सरकवून विचारायचे, "तारीख पाहिली का?" लग्नपत्रिका असो की औषधाची बाटली. असा एखादा माणूस तुमच्याही शेजारी असेल. आमचे साहेब जरा जास्तच होते. दूधवाला भैया तर हात जोडून म्हणायचा, "बाबूजी, दूध पर तारीख कहाँ लिखूँ?"

लखनौच्या मानक नगरात, रेल्वेच्या क्वार्टर्समध्ये, ते आमच्या वरच्या मजल्यावर राहत. मूळचे नागपूरचे, हुद्द्याने इंजिनिअर. मी त्यांच्या हाताखाली ड्राफ्ट्समन. लायब्ररीचं पुस्तक ते मुदतीच्या चार दिवस आधी परत करत, वाचून झालं नसलं तरी. एकदा शेवटची वीस पानं राहिलेली रहस्यकथा देऊन आले. मी म्हटलं, "साहेब, खुनी कोण ते तरी पाहायचं!"

"सापडलाच असेल तो," साहेब म्हणाले.

हे वेड जन्माचं नव्हतं, ते वहिनींनी सांगितलं. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला साहेब ट्रेनिंगसाठी युरोपातल्या एका देशात गेले होते. व्हिसाच्या शेवटच्या दिवशी ते लांबच्या गावाहून परतीच्या गाडीत बसले आणि वाटेत दोन ठिकाणी उतरून रेल्वेचे पूल पाहत बसले. आमच्या रेल्वे पासाचं तसंच असतं. शेवटच्या दिवशी रात्री बाराच्या आत गाडीत बसलं की झालं, पोचा कधीही. नेमल्या स्टेशनांवर उतरायचीही मुभा. रेल्वेत हयात घालवलेल्या माणसाला जगातला प्रत्येक कागद पासासारखाच वाटला. विमानतळावर पोचले तेव्हा व्हिसा संपून चार दिवस झाले होते.

तिथल्या अधिकाऱ्याला त्यांनी म्हणे अर्धा तास पासाचा नियम समजावला. त्याने ऐकून घेतलं आणि शिक्का मारला: दहा वर्षं प्रवेश बंद. साहेब हसतच घरी आले. "मला कुठं पुन्हा जायचं आहे तिकडं!"

पण बोलून चालून नशीबच ते. एकुलती एक मुलगी लग्न होऊन नेमकी त्याच देशात गेली. बाळंतपणाच्या वेळी साहेबांनी खास परवानगीसाठी अर्ज केला. पूर्वी कधी नियम मोडला होता का, असा त्यात प्रश्न होता.

"नाही लिहा, कोण बघतंय?" मी म्हटलं.

"मी बघतो आहे ना," म्हणाले, आणि 'होय' लिहिलं.

नकार आला. तो कागद मात्र त्यांनी उलटा करून पाहिला नाही. कधी नागपूरपलीकडे एकट्या न गेलेल्या वहिनी एकट्याच विमानात बसल्या.

नातू पाच वर्षांचा झाल्यावर मुलगीच त्याला घेऊन लखनौला आली. त्याचा पासपोर्ट तिकडचा, म्हणून त्याला आपला व्हिसा लागला, साठ दिवसांचा. साहेबांनी त्याला रोज कॅलेंडरवर फुली मारायला शिकवलं. आठवड्याभरात पोरगा दूधवाल्याला विचारू लागला, "तारीख पाहिली का?" साहेब इतके हसले की ठसका लागला.

तिकिटं त्यांनी हट्टाने छप्पन्नाव्या दिवसाची काढायला लावली होती. त्या सकाळी मुलगी रडवेली झाली. "बाबा, अजून चार दिवस आहेत ना."

वहिनी तर भांडल्याच. "ते चार दिवस माझ्या नातवाचे आहेत, तुमच्या कागदाचे नाहीत!"

"अन् गाडी लेट झाली तर? विमान सुटलं तर?" साहेब म्हणाले. "याच्या पासपोर्टवर शिक्का बसला तर मी कुठं भेटू याला?"

चारबाग स्टेशनवर गाडी हलेपर्यंत साहेब खिडकीतून नातवाचा हात धरून होते. मी सामान चढवायला गेलो होतो. मला त्यांचा राग आला होता. आजही थोडा आहे.

त्याच हिवाळ्यात साहेब गेले. छातीत कळ आली आणि दवाखान्यापर्यंतही पोचले नाहीत. बंदी उठायला सात महिने होते.

भेटायला गेलो तेव्हा स्वयंपाकघरात ते कॅलेंडर तसंच होतं. साठाव्या दिवसाभोवती लाल गोल, त्याच्या अलीकडे नातवाच्या वाकड्यातिकड्या फुल्या, आणि मधले चौकोन कोरे.

"लेक-नातू गेल्यावर हे चारही दिवस सकाळी पेन घेऊन इथं उभे राहत," वहिनी म्हणाल्या. "पण फुली काही मारली नाही त्यांनी."