कोपरा फाटलेलं पोस्टकार्ड

नलू,

नवं राज्य झालं, यांची कचेरी भोपाळला हलली आणि तू मला उज्जैनच्या स्टेशनवर पोचवायला आलीस. दशम्यांचा डबा हातात देऊन रडलीस. मीही रडले, पण खरं सांगू? मला तुझा हेवा वाटत होता. गाडी सुटल्यावर तू टांग्यात बसून बाबांकडे परत जाणार होतीस.

हेवा तसा जुनाच. मी मॅट्रिक झाले तेव्हा बाबा म्हणाले होते, "पोरीला परगावी ठेवायचं नाही." मग स्वातंत्र्य आलं, बाबा खादी घालू लागले आणि तुझ्यासाठी त्यांनी स्वतः इंदूरच्या कॉलेजचा फॉर्म भरला. इंग्रजीचे मास्तर ते. रोज तुझ्याकडून क्रियापदं घोटून घ्यायचे. "अ‍ॅडमिट म्हणजे आत घेणे. आणखी? कबूल करणे." मी पोळ्या लाटत ऐकायची.

कॉलेजचं पोस्टकार्ड नेमकं माझ्या हाती पडलं. तुला अ‍ॅडमिट केलं होतं, आठ दिवसांत हजर व्हायचं होतं. माझा नुसता जळफळाट झाला. फाडायला घेतलं, कोपरा निघाला आणि धीर सुटला. कार्ड दारच्या ओट्यावर टाकून मी आत पळाले.

आईला इंग्रजी येत नव्हतं. तिला दिसला तो फाटका कोपरा, म्हणजे कुणीतरी गेल्याची खबर. "हात नका लावू कुणी! घरात नाही आणायचं. बाबा शाळेतून आले की बाहेरच वाचतील." बाबा येईपर्यंत ते गायीने खाल्लं. बाबांनी घाबरून नागपूरला काकांना तार केली. तिकडे सगळे खुशाल. इंदूरहून उत्तरच आलं नाही, असं तू धरून चाललीस. मी गप्प राहिले.

तुला अडवलं मी, आणि नशीब बघ, तू थांबलीस म्हणून घर तुझं झालं. फ्रीगंजच्या शाळेत नोकरी, संध्याकाळी क्षिप्रेचा घाट, बाबांच्या तोंडात शेवटचं पाणी तुझ्या हातचं. इथे मला सरकारी क्वार्टर आहे, अंगणात नळ आहे, सिंधी शेजारणीशी झकास गप्पा होतात. तरी अजून जळते मी तुझ्यावर.

माझं घर म्हणजे आता तुझ्या दारचा तो एक उंबरा उरलाय. इथवर तू ओट्यावर उभी राहूनच वाचलं असशील. पत्राचे चारही कोपरे शाबूत आहेत, मी दोनदा पाहिलेत. वाटलं तर आत ने.

तुझी ताई