गॅलरीकडे वळलेला बाण

गवतमामा क्लबच्या मैदानाचा राखणदार. बावीस वर्षांत मैदानाचे जेवढे लाड केले तेवढे पोटच्या पोरांचे केले नाहीत, असं मामीच सांगत फिरते. घरात मीठ कुठल्या डब्यात आहे ते त्याला माहीत नाही, पण गोलासमोरची कुठली पाती पिवळी पडली ते झोपेत सांगेल.

त्या रविवारी गोलासमोर जमिनीखालची पाण्याची नळी फुटली, चिखल झाला आणि आपला हुकमी खेळाडू ऐन मोक्याला घसरून पडला. सामना हातचा गेला. संध्याकाळी चाहत्यांच्या 'निष्ठावंत' ग्रुपवर त्या चिखलाचा फोटो आला. खाली ओळ होती, 'पाणी सोडायचे मामाला किती मिळाले?' टाकणारा ग्रुपचा अॅडमिन, टोपणनाव 'डरकाळी'. खरं नाव कुणालाच ठाऊक नाही. तासाभरात प्रश्नाची बातमी झाली, जेवणं होईपर्यंत बातमीचा बंगला झाला, आणि सकाळी दूधवाल्यानं मामीला विचारलं, "वहिनी, नव्या बंगल्यावरही दूध मीच घालायचं ना?"

कुणीतरी दाराला चिखल फासून गेलं. क्लबच्या चिटणिसांनी सांगितलं की पुढच्या सामन्यानंतर समिती मामाच्या नोकरीचं काय ते ठरवेल.

सांत्वनाला सगळ्यांत आधी धावला मामीचा धाकटा भाऊ, औषधांचा दुकानदार. बहिणीकडून दोनदा वाढून घेतलं आणि हात पुसत म्हणाला, "दाजी, लोक फार नीच असतात. मनावर घेऊ नका."

तो गेल्यावर मामानं मुलाच्या फोनवर तो फोटो बोटांनी ताणून मोठा केला. जग चिखल बघत होतं, मामा गवतातले पट्टे बघत होता. कापणीचं यंत्र आपल्यापासून लांब गेलं तर तो पट्टा फिका दिसतो, आपल्याकडे आलं तर गडद. मैदानाच्या दुसऱ्या बाजूला उभं राहिलं की सगळं उलटं. मामा गोलाजवळचा पहिला पट्टा नेहमी पाण्याच्या टाकीच्या बाजूनं सुरू करतो. समोरच्या बाजूच्या, प्रेक्षकांच्या बाकांवरून तो गडद दिसायला हवा. फोटोत फिका होता. म्हणजे फोटो टाकीच्या बाजूनं, आणि तोही उंचावरून. त्या बाजूला इमारत एकच, मैदानावर उघडणारी गॅलरीही एकच. तिथं दर सामन्याला खुर्ची टाकून फुकटात बसतो कोण? मेहुणा.

मामानं मामीला तेवढं सांगितलं. तिनं भावाचं ताट फळीवरून काढलं आणि माळ्यावर टाकलं.

पुढच्या सामन्याच्या सकाळी मैदानात नेहमीच्या पट्ट्यांऐवजी एक लांबरुंद बाण उमटला. चिटणिसांनी विचारलं, हे काय? मामा म्हणाला, नक्षी. खरं त्यानं फक्त चहावाल्याला सांगितलं, कारण चहावाल्याच्या पोटात चहासुद्धा टिकत नाही. "फोटो जिथून काढला ना, तिकडे बोट दाखवलंय."

मध्यंतरापर्यंत बाकांवरच्या सगळ्या माना गॅलरीकडे वळल्या होत्या. मेहुण्यानं आधी हात हलवला, बिचाऱ्याला वाटलं कौतुक चाललंय. मग फोन बघितला आणि खुर्चीसकट आत गेला.

दुसऱ्या दिवशी तो मागच्या दारानं आला. मामानं अट घातली: स्वतःच्या नावानं, स्वतःच्या फोटोसह खरं लिही. त्यानं लिहिलं. समितीनं वाचलं, नळीही तपासली आणि मामाची नोकरी राहिली. निष्ठावंतांनी मात्र ठरवलं की अॅडमिनही फुटला. दुपारपर्यंत त्याला मामाच्या बंगल्यात वरचा मजला मिळाला होता, संध्याकाळी त्याच्या दुकानातल्या खोकल्याच्या औषधात नुसता पाक निघाला. हे खोटं आहे हे मामाला पक्कं ठाऊक होतं. घरातला खोकला त्याच औषधानं बरा झाला होता. मुलानं विचारलं, तुमच्या नावानं दोन ओळी टाकू का? मामा म्हणाला, माझा चष्मा सापडत नाही. चष्मा नाकावर होता.

आठवड्यानं मेहुणा पुन्हा आला, गाल बसलेले. "दाजी, लिहिलं ना मी? आता तरी तो बाण घालवा. गिऱ्हाईक फिरकत नाही."

"गवत वाढलं की जाईल आपोआप."

"किती दिवसांत?"

"तू मला बांधून दिलेला बंगला किती दिवसांत गेला?"

मेहुणा खाली मान घालून निघाला. मामानं यंत्रात तेल घातलं, मैदानात गेला आणि शीळ घालत, बाणाच्या एकेका पट्ट्यावरून होता त्याच दिशेनं पुन्हा यंत्र फिरवलं.