न चाखलेली डाळ

कारखान्याच्या कँटीनमध्ये तीस वर्षं चारशे माणसांचं रांधून आचारीबुवा निवृत्त झाले, पण त्यांची जीभ काही निवृत्त झाली नाही. पातेल्यातून चमच्यात, चमच्यातून तळहातावर, तळहातावरून जिभेवर, हे कँटीनमध्ये दिवसातून पन्नासदा चाले. मीठ जास्त झालंय म्हणणाऱ्या कामगाराला ते जीभ तपासून यायला सांगत. आपलं चुकलं, हे त्यांच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं. बायकोनं तर नाहीच.

बायको न्हाणीघरात घसरली, उजवा हात प्लास्टरमध्ये गेला आणि घरची चूल यांच्याकडे आली. चारशेंचं केलं, मग दोघांचं म्हणजे हातचा मळ. पण तिनं बजावलं की आधी देवाला नैवेद्य, मग आपण. आणि त्याआधी चाखायचं नाही, उष्टं होतं.

आचारीबुवांची पंचाईत झाली. पहिल्या दिवशी त्यांनी नुसत्या वासावर मीठ ओळखायचा प्रयत्न केला. नाकाला वाफेचा चटका बसला. दुसऱ्या दिवशी चमचा ओठांपर्यंत गेला तोच ती दारात खाकरली.

जेवताना ती मुकाट खायची आणि तांब्याभर पाणी प्यायची. कशी झालीय विचारलं तर म्हणायची, प्रसाद आहे. कँटीनमध्ये लोक निदान ताटं तरी आपटायचे. इथे देवही गप्प, बायकोही गप्प. नावं तरी ठेव गं, म्हणून ते काकुळतीला आले.

शेवटी त्यांनी विचारलंच, तुला न चाखता कसं जमतं?

"तुम्ही चाखता ते आपलं बरोबर आलंय का बघायला," ती म्हणाली. "इथे बघणारा तो. आपण जीव लावून करायचं आणि समोर ठेवायचं. पुढचं त्याचं."

पाचव्या दिवशी डाळीत मीठ दोनदा पडलं की तीनदा, काही केल्या आठवेना. दुसरी डाळ शिजवायला घरात डाळच नव्हती. ताट देवापुढे ठेवून, भोवती पाणी फिरवून आचारीबुवांनी डोळे मिटले.

"मीठ जास्त पडलंय," ते पुटपुटले. "चूक माझीच. एवढं गोड मानून घ्या."

बायको मागेच उभी होती.

"देवाला सांगितलंत ते छान झालं," ती म्हणाली. "आता जरा इकडे तोंड करून पुन्हा म्हणा."

ते वळले, तिच्या प्लास्टरकडे बघत सगळं पुन्हा म्हणाले, आणि आणखी भात लावायला आत गेले.