आलोशियसचं वर्कशॉप आणि पंचवीस बिल्ले

भुईगावात कुणाचा स्क्रू ढिला झाला तर माणूस सुरीच्या टोकाने पिळतो, नाण्याने पिळतो, अगदीच अडलं तर नख मोडून घेतो, पण आलोशियसकडे जात नाही. आलोशियसकडे बहात्तर हत्यारं आहेत. स्क्रूड्रायव्हरच मुळी अकरा. तरीही जात नाही. का, ते ऐका.

आलोशियस चौतीस वर्षं ठाण्याच्या एका कंपनीत होता. "टूलरूमला होतो," असं तो सांगतो. सांगताना आधी घसा खाकरतो, मग हनुवटी वर, मग डोळे अर्धे मिटून, "बेऽसिकली, टूलरूमला होतो." ऐकणाऱ्याला वाटतं, या माणसाच्या हातून विमानाचे भाग सुटले असतील. खरी गोष्ट अशी की टूलरूमच्या भिंतीला एक खिडकी होती आणि आलोशियस त्या खिडकीत बसायचा. कामगार यायचा, आपल्या नंबराचा पितळी बिल्ला द्यायचा. आलोशियस बिल्ला खिळ्याला अडकवायचा आणि पान्हा काढून द्यायचा. संध्याकाळी पान्हा परत, बिल्ला परत. चौतीस वर्षं हेच. पान्हा पुढे कुठे जातो, त्याने काय फिरतं, याच्याशी आलोशियसचा संबंध खिडकीच्या चौकटीपर्यंतच. पण पान्हा चिकट परत आला तर जो काय बोलायचा! "ऑइल कोण पुसणार? माझा बाप?" कंपनीत कॉम्प्युटर आला, बिल्ले बाद झाले, आणि रिटायर होताना साहेबाने त्याला जुन्या पंचवीस बिल्ल्यांचा डबा भेट दिला. दुसऱ्या कुणाला दिला असता तर त्याने भंगारात घातला असता. आलोशियसने छातीशी धरला.

मग तो आणि बायको रोझलिन तीन महिने कॅनडाला गेले, मुलाकडे, डिलनकडे. रोझलिनने तिथे नातवाला मांडीवर घेतलं. आलोशियस गॅरेजमध्ये बसला. घराला लागून गॅरेज, गॅरेजमध्ये गाडी, गाडीच्या पाठी टेबल, टेबलाच्या वर भिंतभर हत्यारं. त्याने फोटो काढले. नातवाचे चार, गॅरेजचे एकशे साठ.

परत आल्यावर पहिल्याच सकाळी, चहा निवायच्या आत, तो म्हणाला, "रोझी, बेसिकली आपलं आयुष्य सिस्टीमशिवाय चाललंय."

"चाललंय ना? मग चालू दे," रोझलिन म्हणाली.

आता गॅरेज बांधायचं कुठे? पुढे ओटा आणि क्रूस, बाजूला फणस. आलोशियसने पाठीमागच्या वाडीत बोट दाखवलं. तिथे बावखल होतं. म्हणजे त्याच्या पणजोबाच्याही आधी खणलेलं तळं, पावसाचं पाणी साठवायचं आणि वर्षभर वाडीला पुरवायचं. चैत्र-वैशाखात भुईगावातल्या विहिरी खाऱ्या होतात, बावखलाचं पाणी गोडं राहतं. त्या पाण्यावर रोझलिनचे एकतीस सोनचाफे उभे होते. रोज पहाटे ती फुलं काढायची, केळीच्या पानात बांधायची, बाजाराला पाठवायची. आलोशियस त्या तळ्याला म्हणाला, "डेड स्पेस."

रोझलिनचा मोठा भाऊ बर्नार्ड शेजारच्याच वाडीत राहतो. रिटायर्ड मास्तर. बोलतो असा की प्रत्येक वाक्याखाली लाल रेघ मारतोय. तो कुंपणावर हात ठेवून म्हणाला, "आलोशियस. बावखल. बुजवू. नये."

"का पण, मास्तर?"

"पाण्याला. दुसरं घर. नाही."

"मास्तर, तुम्ही भूगोल शिकवा. हे इंजिनीअरिंग आहे."

उमेळ्याला कुठली तरी चाळ पाडत होते, तिथला राबीट आला. अठरा डंपर. विटा, फरशा, संडासाची भांडी, कुणाच्या तरी देवळीचा तुकडा, सगळं बावखलात गेलं. बेडूक उड्या मारत बर्नार्डच्या वाडीत गेले. वर मुरूम, वर कोबा, वर पत्र्याची शेड, पुढे निळं शटर. आणि कोब्याच्या मधोमध आलोशियसने एक खड्डा खणून घेतला. घरच्या जुन्या गाडीखाली उभं राहून काम करता यावं म्हणून. दहा फूट लांब, पाच फूट खोल. "पिट," तो म्हणायचा. "प्रॉपर गॅरेजला पिट पाहिजेच." अठरा डंपर घालून माणसाने तळं बुजवलं आणि त्याच जागेवर पुन्हा खड्डा खणला. गवंडीसुद्धा थापी हातात धरून क्षणभर त्याच्याकडे बघत राहिला. मग खणू लागला. त्याचं काय जातंय?

मे महिन्यात आशीर्वादाला फादर आले. आलोशियसने भिंतीवरचा फळा दाखवला. निळ्या फळ्यावर प्रत्येक हत्याराची पांढऱ्या रंगात बाह्यरेषा काढलेली, हत्यार उचललं की खाली त्याचं भूत दिसणार. शटरच्या बाजूला त्याने भिंतीत एक खिडकी ठेवली होती. हो, खिडकी. आत स्टूल. आणि खिळ्यांवर पंचवीस बिल्ले.

फादरांनी प्रार्थना म्हटली आणि ते पवित्र पाणी शिंपडू लागले. बर्नार्ड पुढे झुकला. "फादर. जपून. खाली. आधीच आहे."

फादर हसू दाबत म्हणाले, "छान आहे हं, आलोशियस. इथे काय काय बनवणार?"

हा प्रश्न आलोशियसने स्वतःला कधी विचारलाच नव्हता. एकशे साठ फोटोंत कुठेही कुणी काही बनवत नव्हतं. "फादर, बेसिकली... आधी सिस्टीम. मग काम."

रोझलिन सरबताचा ट्रे धरून उभी होती. त्या एप्रिलात तिने चाफ्यांना विहिरीचं खारं पाणी घातलं होतं आणि पानांच्या कडा विस्तवाने चाटल्यासारख्या झाल्या होत्या. तिने ट्रे ठेवला. "फादर, तुम्ही आहात, दादा आहे, तुमच्यासमोर सांगते. माझी आकडी मोडलीय. बांबूच्या टोकाला लोखंडी हूक, चाफ्याची फांदी ओढायला. बस्स. नाताळच्या आत ह्यांनी ती आकडी इथे, ह्या हत्यारांनी, स्वतःच्या हाताने बनवायची. नाही बनली तर ही शेड माझी."

"आकडी?" आलोशियस इतक्या मोठ्याने हसला की पत्रा वाजला. "एक आकडी? मान्य! मास्तर साक्षीदार!"

"साक्षीदार," बर्नार्ड म्हणाला, आणि रेघ मारली.

त्यानंतर सुरू झाली सिस्टीम. घरच्या प्रत्येकाला नंबर. रोझलिन सात. बर्नार्ड अकरा. भाचीला, ॲंजेलाला, चौदा. ती राहते बोळिंजला आणि येते वर्षातून दोनदा, पण नंबर आहे. एकदा कुकरचं हँडल हलायला लागलं म्हणून रोझलिन खिडकीशी आली.

"स्क्रूड्रायव्हर द्या जरा."

"बिल्ला?"

"अहो, मी आहे."

"तू आहेस ते दिसतंय. बिल्ला कुठाय?"

"मिठाच्या बरणीपाशी असेल."

"मग आण. उद्या कुणीही येऊन म्हणेल मी रोझलिन."

ती गेली. बिल्ला शोधेपर्यंत डाळ करपली. बिल्ला सापडेपर्यंत तिने सुरीच्या टोकाने स्क्रू पिळलासुद्धा. आलोशियस खिडकीत वाट बघत बसला होता, स्क्रूड्रायव्हर फडक्याने पुसून, दांडा तिच्या बाजूला करून. तास झाला तरी कुणी आलं नाही. त्याने तो परत भुतावर टांगला आणि समाधानाने मान हलवली. हत्यार गहाळ झालं नव्हतं.

हे गावात पसरायला किती वेळ लागणार? मासळीवाली रोझलिनला म्हणाली, "बाय, पानी तरी बिल्ल्याशिवाय मिलतं ना?" त्या दिवसापासून भुईगावात कुणी आलोशियसच्या दारात काही मागायला गेलं नाही.

आणि आकडी? जूनमध्ये आलोशियसने आकडीचं ड्रॉइंग काढलं. पुढून, बाजूने, वरून. जुलैमध्ये ते लॅमिनेट केलं. हुकाचा बाक किती अंशांचा असावा यावर बर्नार्डशी वाद घातला. ऑगस्टमध्ये मात्र दुसरंच काही सुरू झालं. गाडीतून आवाज यायला लागला.

गाडी पिटावर उभी असायची, पिटावर फळ्या. संध्याकाळ झाली की इंजिनाखालून आवाज यायचा, "ड्रॉंव. ड्रॉंव." इंजिन बंद असतानासुद्धा. आलोशियसने बॉनेट उघडलं, कान लावला, बर्नार्डला बोलावलं. "फॅनबेल्ट आहे, मास्तर. बेसिकली हवेतल्या दमटपणाने होतं."

बर्नार्डने पस्तीस वर्षं वर्गात मागच्या बाकावरचा आवाज कुणाचा ते ओळखलं होतं. त्याने डोळे मिटले, ऐकलं. "हा. फॅनबेल्ट. नाही. हा जुना. भाडेकरू."

गाडी पुढे घेतली, फळ्या उचलल्या. पिट काठोकाठ भरला होता. निवळ, हिरवट, थंड पाणी, आणि मधे एक फळी तरंगत होती. तिच्यावर बसून, गाल फुगवून, बेडूक आलोशियसकडे बघत होता. जणू विचारतोय, बिल्ला?

आलोशियसने बादल्यांनी उपसलं. सकाळी परत भरलेलं. वॉटरप्रूफ पावडर लावली, पावडर पाण्यावर तरंगली. पाऊस सरला, ऑक्टोबर तापला, पाणी दोन वितीच काय ते खाली गेलं. तो फळ्या घालून वर चटई अंथरायचा आणि कुणी आलं की चटईवर उभा राहायचा. आतून ड्रॉंव झालं की जोरात खोकायचा. रोझलिनला सगळं दिसत होतं. ती फुलं बांधत राहिली. आलोशियसला वाटलं, हरली.

नोव्हेंबरच्या एका दुपारी ती खिडकीशी आली आणि पितळी सात नंबर चौकटीत ठेवला.

"काय पाहिजे?"

"पंप."

बावखलाचा जुना अर्ध्या हॉर्सपॉवरचा पंप आलोशियसनेच पुसून, रंगवून, कोपऱ्यात त्याची बाह्यरेषा काढून ठेवला होता. आता त्याची पंचाईत झाली. पंप कशाला पाहिजे ते त्याला कळलं होतं. नाही म्हणावं असं हजारदा वाटलं. पण बिल्ला चौकटीत होता. चौतीस वर्षांत एकदाही असं झालं नव्हतं की बिल्ला आला आणि त्याने वस्तू दिली नाही. हात आपोआप खिळ्याकडे गेला, सात नंबर लटकला, आणि आलोशियसने पंप उचलून बायकोच्या हातात दिला. वर म्हणाला, "संध्याकाळी सहाच्या आत परत."

तिने पाइप पिटात सोडला. पहिली ओंजळ तोंडात घेतली, चूळ भरली आणि म्हणाली, "गोडं." संध्याकाळपर्यंत एकतीस चाफ्यांच्या आळ्यांत पाणी उभं होतं. सहाला पंप परत आला, पुसून. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा सात नंबर.

डिसेंबर उजाडला तेव्हा आलोशियसला घाम फुटला. एका दुपारी त्याने शटर ओढून घेतलं, लॅमिनेट केलेलं ड्रॉइंग समोर लावलं, लोखंडी सळई टेबलाला जखडलेल्या वाईसच्या जबड्यात धरली आणि हातोडीसमोर उभा राहिला. हातोडी त्याने हजारो लोकांना दिली होती. मारली एकदाही नव्हती. किती जोरात मारायची? कुठून धरायची? चुकून दांडा तुटला तर फळ्यावर भूत कायमचं रिकामं राहील. बराच वेळ उभा राहून त्याने सळई वाईसमधून काढली, पुसली आणि ठेवून दिली. दुसऱ्या दिवशी केक आणायला म्हणून गाडी काढली आणि विरारच्या हार्डवेअरच्या दुकानातून तयार हूक घेऊन आला. मिठाच्या पाण्यात दोन दिवस ठेवून गंजवला. बांबूला बांधला.

तेवीस तारखेला त्याने रोझलिन आणि बर्नार्डला शेडमध्ये बोलावलं. घसा खाकरला. हनुवटी वर. "बेऽसिकली, हॅंडमेड."

बर्नार्डने आकडी उलटसुलट करून पाहिली. "उत्तम. बाक. समान." आलोशियसचा ऊर भरून आला. कुणीतरी त्याच्या वर्कशॉपमधून निघालेल्या वस्तूला उत्तम म्हणालं होतं. तेवढ्या एका क्षणापुरतं त्याला स्वतःलाही वाटलं की आपणच बनवली.

रोझलिन आकडीकडे बघतच नव्हती. ती फळ्याकडे बघत होती. "दादा, इकडे ये. कानशीला हात न लावता बघ."

कानशीपासून हातोडीपर्यंत, हातोडीपासून पकडीपर्यंत, पकडीपासून थेट करवतीपर्यंत कोळ्याने जाळं विणलं होतं. जुनं, जाड, धुळीने पांढरं झालेलं. एकही धागा तुटलेला नव्हता. अलीकडे पलीकडे बिचाऱ्याने संसार थाटला होता.

"हाताने बनवली का हो?" रोझलिनने विचारलं. "म्हणजे नुसत्या हाताने?"

खालून फळीखालून कुणीतरी म्हणालं, ड्रॉंव. आलोशियस खोकायचंसुद्धा विसरला.

चोवीस तारखेला सकाळी शेडमध्ये फुलांच्या टोपल्या आल्या, केळीची पानं आली, गाडी फणसाखाली गेली. पिटावरच्या फळ्या कायमच्या निघाल्या. बहात्तर हत्यारं मात्र रोझलिनने जिथल्या तिथे ठेवली, जाळं झाडलं आणि स्टुलावर बसून चाफा बांधू लागली. दहाच्या सुमाराला तिच्याकडे माणसं यायला लागली. कुणाला नाताळचा तारा टांगायला हातोडी, कुणाला स्क्रूड्रायव्हर. तिने खिळ्यांवरचे उरलेले बिल्ले वाटूनही टाकले. मासळीवालीला एकोणीस नंबर मिळाला आणि ती तो गळ्यात घालून गेली.

ओट्यावर आलोशियस येशूजन्माचा गोठा उभारत होता. गोठ्याच्या छपराची तार सुटली. तो उठला, अंगणातून पाठी आला, खिडकीशी उभा राहिला, आणि आयुष्यात पहिल्यांदा खिडकीच्या या बाजूने आत बघितलं.

"पक्कड दे जरा."

रोझलिनने दोरा दातांनी तोडला. "बिल्ला?"

"रोझी, मी आहे."

"ते दिसतंय."

आलोशियसने खिसे चाचपले. खिळ्यांवर पाहिलं. नंबर त्याने सगळ्यांना दिले होते, कॅनडातल्या नातवालासुद्धा तेवीस दिला होता. स्वतःला द्यायचा राहून गेला होता. कारण आपल्याला कधी काही हत्यार लागेल असं त्याला वाटलंच नव्हतं.

"मग मी... तार कशाने पिळू?"

रोझलिनने नवीन आकडीने चाफ्याची टोपली पुढे ओढली. "नखाने बघा," ती म्हणाली, आणि पाठच्या माणसाला म्हणाली, "हां, तुमचा नंबर?"