भाजीबाजारातले केक

माझी लेक मुदतीच्या तापातून उठली आणि तिनं जेवणाशी कट्टीच केली. अकोल्याला, माझ्या माहेरी नेऊन तिथल्या डॉक्टरला दाखवलं. तो म्हणाला, "आजार संपला बाई. आता हिच्या पोटात अन्न गेलं नाही, तर मात्र कठीण आहे." सांगायला त्याचं काय जातं! वरणभात, शिरा, दूध, काहीही पुढे केलं की पोरगी ओठ घट्ट मिटून भिंतीकडे तोंड फिरवायची. सहा वर्षांची पोर, पण हातातल्या बांगड्या पार कोपरापर्यंत सरकायला लागल्या. मी लाडीगोडी लावून पाहिली, ओरडून पाहिलं, एकदा तर ताटच आपटलं. माझं डोकं तापलं की हात आधी चालतो. ती दचकली, पण घास काही घेतला नाही.

तिला घेऊन मी अमरावतीला, सासरी परतले. तिथं आमचा भाजीचा मळा होता. मळ्याला लागूनच माझी मुसलमान मैत्रीण राहायची. लेक तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणायची. लग्नाआधी ती क्याम्पातल्या एका साहेबाच्या बंगल्यावर आया होती. एक दिवस ती येऊन म्हणाली, "परवा पोरीचा जनमदिन हाये ना? बंगल्यावर मी लेकरांसाठी वाटीएवढे केक करत होती. घोडे काय, बदकं काय! आपन भाजीबाजार करू. हिले बाजार-बाजार खेळाले आवडते. खेळता खेळता खाईन."

आमच्यात वाढदिवस म्हणजे ओवाळायचं आणि शिरा करायचा. पण तेव्हा मी कोणाचंही ऐकलं असतं.

लढाईचे दिवस. साखर औषधालाही मिळत नव्हती. खालानं चहा फिका पिऊन साठवलेली आपली साखर आणली. मैदा, दही, लोणी, चिमूटभर खायचा सोडा. कल्हईच्या वाट्यांत पीठ ओतून त्या वाळूच्या पातेल्यात ठेवल्या आणि वरच्या झाकणावर निखारे पसरले. पहिली खेप खालून कोळसा झाली. मी म्हटलं, तुझ्या वाळूमुळे. ती म्हणाली, तुझ्या चुलीमुळे. भांडत भांडतच आम्ही वाट्या पुन्हा भरल्या. दुसरी खेप सोन्यासारखी फुगली. मग लोण्यात पिठीसाखर घोटून तिचे रंग केले. बिटाच्या रसाची वांगी, हळदीचे भोपळे, पालकाच्या रसाची कोबी. भोपळ्यांच्या रेघा खालानं काडीनं एकेक करून ओढल्या आणि प्रत्येकाला कोथिंबिरीचं देठ लावलं. खरं सांगते, इतकी देखणी भाजी आमच्या मळ्यातही कधी निघाली नाही.

गल्लीतली लेकरं पैसे म्हणून मुठी भरभरून चिंचोके घेऊन आली. माझी लेक टोपलीमागे उकिडवी बसली. कितीतरी दिवसांनी तिचे डोळे चमकले. "घ्या वो, ताजी वांगी!" आवाज अगदी बारीक, पण तोरा पक्क्या माळिणीचा. लेकरं केक घेत होती, तिथंच गट्टम करत होती, बोटं चाटत होती. आणि ही? हिनं एकाला तोंड लावलं असेल तर शपथ.

टोपली रिकामी होत चालली. मी म्हटलं, "एक तू बी खाय ना माय."

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मीच येडी. "काहून? हा तं इकाचा माल हाये."

बोलणार कोणाला? आमच्या घरची रीतच ती. चांगलं ते बाजारात, पिचलेलं, किडकं, वाकडं ते चुलीवर. बाजाराच्या टोपलीतला टमाटा घरात कापलेला मी जन्मात पाहिला नव्हता, तर तिनं कुठून पाहावा?

तीन केक उरले होते. शेजारच्या पोरानं भोपळ्याकडे हात केला. त्याच्या आधी मी तो उचलला आणि अंगठ्यानं कचकन दाबला. पिवळी साखर बोटांवरून ओघळली.

"अवं बाप्पा!" खाला किंचाळली. "डोकं फिरलं का तुयं?"

मी तिच्याकडे पाहिलंच नाही. लेकीपुढे तो चेंदामेंदा धरला. म्हटलं, "हे पिचलं वं. आता कोन घेते?"

तिनं तो हातात घेतला, मळ्यात पाहतात तसा उलटून-पालटून पाहिला. "कोनीच नाही घेत," ती गंभीरपणे म्हणाली. "घरीच खा लागते." आणि खाल्ला. आधी कडेचा तुकडा, मग रेघांचा भाग, मग देठसुद्धा. ती तळहात चाटायला लागली तेव्हा मला रडू आवरेना. चार लोकांत मोठ्यानं रडले मी, आणि किती हलकं वाटलं, काय सांगू!

लेकीनं टोपलीत वाकून पाहिलं. आत दोन वांगी होती, धडधाकट. तिनं हात लावला नाही. नुसती पाहत राहिली.

मी डोळे पुसत होते, तेवढ्यात खाला पुढे झाली. तिनं दोन्ही वांगी उचलली, दोन मुठींत आवळली आणि लेकीच्या ओच्यात टाकली.

"हे बी गेले, माय," ती म्हणाली. "खाय."