टोपलीखालचं पीठ

थरारपटाची फक्त पहिली दोन मिनिटं करायची होती. सर म्हणाले, पुढची गोष्ट तुम्हालाही माहीत नसली तरी चालेल, पण बघणाऱ्याला ती माहीत करून घ्यावीशी वाटली पाहिजे. मी धाराशिवला पत्रकारितेच्या दुसऱ्या वर्षाला होते. वडील गेल्याला सात महिने झाले होते आणि मला कुठेच धड बसवत नव्हतं. वर्गात बसले की ग्रंथालयात जावंसं वाटे आणि ग्रंथालयात गेले की एस.टी. स्टँडवर. घरी पोचले की पुन्हा कॉलेज आठवे.

गटात आम्ही तिघं होतो. कॅमेरा सांभाळणारा मुलगा नळदुर्गचा, त्याच्या वडिलांचा हायवेला ढाबा. दुसरी माझी मैत्रीण, लिंगायत व्यापाऱ्याची मुलगी, एडिटिंगमध्ये हुशार. लिहायचं काम माझ्याकडे. पहिले चार दिवस आम्ही मुखवटा, चाकू, मागून येणारी मोटारसायकल असलंच काहीबाही काढत बसलो. पाचव्या दिवशी, न ठरवता, मी म्हणाले, "घरात माणूस गेलंय. दिवा लावलाय, त्याच्याखाली पीठ पसरलंय, वर टोपली झाकलीय. सगळे सावडायला गेलेत. घरातली मुलगी टोपली उचलते, आणि पिठात बुटाचा ठसा असतो."

कॅमेरावाला खुर्चीतून उठलाच. "बुटाचा? आयला, म्हंजी माणूस मेला न्हाई, मारला!"

मैत्रिणीला समजेना. "पीठ कशाला पसरतात?"

तिच्याकडे जाळत नाहीत, पुरतात, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी सांगितलं : आमच्यात माणूस गेला की त्या जागी पिठावर दिवा ठेवून टोपली घालतात. सावडून आल्यावर ती उचलतात आणि पिठात काय उमटलंय ते बघतात. त्यावरून गेलेल्याला कुठला जन्म मिळाला ते कळतं, म्हणतात. एवढं सांगून मी वही उघडली आणि शॉटच्या चौकटी काढायला लागले. पुढचं काही सांगितलं नाही.

न सांगितलेलं असं होतं. वडील दोन वर्षं अर्धांगाने अंथरुणाला होते. कुशीवर वळवायलासुद्धा दोन माणसं लागत. ते गेले तेव्हा पुरुषमंडळी सावडायला गेली, बायकांनी आईला परसात आंघोळीला नेलं, आणि मला सांगितलं, दिव्याकडं लक्ष ठेव, पण टोपलीला हात लावू नको. थोड्या वेळाने टोपलीच्या विणीतून उजेड दिसेना. दिवा गेला, या भीतीने मी टोपली उचलली. दिवा चांगला तेवत होता. बाहेर घागर वाजली तशी मी टोपली घाईने खाली ठेवली आणि तिची कड पिठात घासलेली माझ्या हाताला जाणवली. मंडळी परत आली, चुलत्यांनी टोपली उचलली. पिठात कडेला तीन रेघा होत्या. "पाखराचं पाऊल," चुलते म्हणाले. "सुटला. उडाला." वडील गेल्यापासून आई त्या दिवशी पहिल्यांदा जेवली. तेव्हापासून ती अंगणात ज्वारी टाकत होती आणि भांड्यात पाणी ठेवत होती. एखादी साळुंकी जवळ आली की तिच्याशी हळू आवाजात बोलत होती. टोपलीचं मी तिला सांगितलं नाही.

शूटिंगला मैत्रिणीच्या आत्याचं घर मिळालं. येडशीला, स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर. आत्या सोलापूरला राहायच्या, घर बंदच असायचं. मैत्रिणीने फोनवर "कॉलेजचं शूटिंग आहे" एवढंच सांगून किल्ली मिळवली. घर नांदतं असो की बंद, दुसऱ्याच्या घरात असा दिवा मांडायचा नसतो, हे मला माहीत होतं. कॅमेरावाल्यालाही माहीत असणार. दोघंही बोललो नाही. त्याला शॉट हवा होता, आणि मला काय हवं होतं ते मला सांगता आलं नसतं.

दुपारी दार उघडं ठेवून, उजेड तिरका येईल असं बघून, आम्ही शहाबादी फरशीवर ज्वारीचं पीठ पसरलं. दिवा लावला. टोपली घातली. मुलीचं काम मैत्रीण करत होती. दुसरा टेक चालू असताना दारात सावली आली. शेजारच्या आजी. त्यांनी आत बघितलं आणि पदर डोक्यावर घेतला.

"कुणाचं झालं गं?"

"कुणाचं न्हाई, आजी," कॅमेरावाला म्हणाला. "शूटिंग हाय."

"म्हंजी खोटाच लावलाय?"

"व्हय."

"मग तुझ्या घरी लाव की, बाबा. लई गिऱ्हाईक यील."

त्याच्या घरी ढाबा आहे हे आजींना ठाऊक असण्याचं कारण नव्हतं, पण तो असा गोरामोरा झाला की मला हसू आलं. सात महिन्यांत पहिल्यांदा. आजींनी ते बघितलं. "हसती काय? शिकल्याली दिसतीस. तुला तरी कळाया नगं?"

दहा मिनिटांत सोलापूरहून फोन आला. आत्यांना कुणीतरी आधी "तुमच्या घरात मढ्याचा दिवा लागलाय" असं कळवलं होतं आणि मग शूटिंगचं. मैत्रीण फोन कानापासून लांब धरून उभी राहिली. आत्यांनी आजींच्या देखरेखीखाली आमच्याकडून सगळं घर धुऊन घेतलं, आणि वर सांगितलं की त्या घरात गोड करून खाल्ल्याशिवाय कुलूप लावायचं नाही. कॅमेरावाल्याने दुकानातून रवा-गूळ आणला. आजींनी स्टोव्ह दिला. आम्ही चौघांनी ओल्या फरशीवर उकिडवं बसून शिरा खाल्ला.

परतताना बसमध्ये मैत्रीण म्हणाली, "तुला माहीत होतं ना?"

"होतं."

"मग सांगायचं की. शिव्या मी खाल्ल्या."

ती बरोबर बोलत होती.

हाती आलेल्या दोन टेकमधून पहिला कट झाला. सरांनी तो दोनदा बघितला आणि विचारलं, "ही मुलगी कशाला घाबरतीय?"

"भुताला, सर," कॅमेरावाला म्हणाला.

"भूत अजून आलेलं नाही. बूटही तिने पाहिलेला नाही. टोपली उचलायच्या आधीच तिचा हात थरथरतोय, तो कशाने?"

मी म्हणाले, "टोपली उचललेली कुणी बघेल, म्हणून."

सर म्हणाले, "मग ते दाखवा. आणि ठसा बघून ती किंचाळते, ते काढा. ती काय करेल?"

"टोपली परत ठेवेल. घाईने. कड पिठात घासेल आणि ठसा पुसला जाईल. रेघा राहतील. मागून येणारे म्हणतील, पाखराचं पाऊल."

"आणि खुनी सुटला," मैत्रीण हळूच म्हणाली. "अगं, हे तू आधी का नाही सांगितलंस?"

पुन्हा शूटिंग झालं ते विभागाच्या अडगळीच्या खोलीत. मैत्रिणीच्या हाताने सहा टेक झाले, एकही जमेना. तिचा हात टोपली भाजीवाल्याची असल्यासारखा उचलत होता. शेवटी कॅमेरावाला वैतागून मला म्हणाला, "तूच कर गं बाय. कागदावर तर झ्याक करतीस." मी केलं. एका टेकमध्ये झालं.

मग आठवडाभर एडिटिंग. पिठावर टोपली घासली तर आवाजच येत नाही, म्हणून आम्ही ती जाड्या मिठावर घासून आवाज घेतला आणि चित्राखाली बसवला. तो आवाज मी हेडफोनवर किती वेळा ऐकला असेन. एकदा दोन फ्रेम आधी, एकदा तीन फ्रेम नंतर. मैत्रीण म्हणायची झालंय, आणि मी म्हणायची अजून एकदा. दारात पडणारी सावली आम्ही लांबवली, मग तोडली, मग पुन्हा लांबवली.

अशात सरांनी सांगितलं की शनिवारी पालकांना बोलावून सगळ्यांच्या फिल्म दाखवायच्या. निरोप घरी माझ्याआधी पोचला. आईने पेटीतली साडी काढून उन्हात टाकली होती. ती माझ्या कॉलेजात कधी आली नव्हती. तो शॉट काढला तर फिल्ममध्ये काही उरत नव्हतं, आणि ठेवला तर आईला पहिल्या मिनिटात कळणार होतं. हात माझाच होता. माझा हात ती कुठेही ओळखेल.

बुधवार गेला. गुरुवारी सकाळी ती ओसरीत ज्वारी निवडत होती. मी समोर बसले, उठले, पाणी प्याले, पुन्हा बसले.

"काय गं, मुंग्या आल्यात का पायाला?"

मी सांगितलं. सगळं, टोपली उचलल्यापासून मिठापर्यंत. ती सूप हलवायची थांबली नाही. माझं झाल्यावर म्हणाली, "दिवा गेला हुता का?"

"नाही. लागलेला होता."

"मग पीठ कसं हुतं? तू उचललीस तवा?"

मी आठवायचा प्रयत्न केला. मला दिव्याची वात आठवत होती, घागरीचा आवाज आठवत होता. "पिठाकडे मी बघितलंच नाही," मी म्हणाले. "दिवा बघत होते."

"बघितलंच न्हाईस."

"पण कड घासली, आई. हाताला कळलं मला."

"घासली असंल." तिने सुपातला खडा उचलून अंगणात टाकला. "तुज्या सरांना म्हाईत हाय का, ही आपल्या घरातली गोष्ट हाय?"

"नाही. तू म्हणशील तर तो शॉट काढते."

"मी कशाला म्हनू?" एवढं बोलून ती आत गेली. दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली. ती शनिवारी येणार की नाही, हे मी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. शनिवारी सकाळी मी चप्पल घालत होते तेव्हा ती साडी नेसून बाहेर आली.

सभागृहात मी मागे, दिव्याच्या बटणापाशी उभी राहिले. आमची फिल्म तिसरी होती. पडद्यावर माझा हात आला, टोपलीच्या कडेवर थांबला. मिठाचा आवाज अख्ख्या सभागृहात घुमला. कॅमेरावाल्याचे वडील मोठ्याने "आरं तिच्या!" म्हणाले आणि लोक हसले, मग एकदम गप्प झाले. पुढून तिसऱ्या रांगेत आईचं डोकं मला दिसत होतं. पदर हलला नाही. दोन मिनिटं संपली. मी दिवे लावायचं विसरले, कुणीतरी ओरडल्यावर लावले.

बाहेर व्हरांड्यात सर आईशी बोलत होते. "मुलीने चांगलं लिहिलंय. हे सुचतं कुठून, आम्हालाच कळत नाही."

"सुचलं न्हाई, सर," आई म्हणाली. "हिचे वडील गेले तवा आमच्या घरी असंच मांडलं हुतं. पर आमच्याकडं खरंच पाखराचं पाऊल हुतं." मग ती माझ्याकडे वळली. "व्हय का न्हाई गं?"

सरांनी माझ्याकडे बघितलं. मैत्रीण, कॅमेरावाला, त्याचे वडील, सगळे तिथेच होते. आई वाट बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर विनवणी अजिबात नव्हती.

"हो," मी म्हणाले.

तिने मान हलवली आणि सरांना विचारलं, प्यायचं पाणी कुठं आहे.