राखेच्या रेघा

कोणाच्याही घरी गेला की तो चपला काढायचा आणि त्यांची तोंडं रस्त्याकडे वळवून ठेवायचा. पळायची वेळ आली तर वळण्यात वेळ जाऊ नये. कोणी टक लावून पाहिलं की हसायचा, "काऊन, भेव लागते का?"

चोर म्हणून त्याला गोरेगावच्या बाजारापर्यंत मान्यता होती. माझी सायकल गेली तेव्हा तो दोन तास माझ्यासोबत ती शोधत फिरला. दुसऱ्या दिवशी सायकल शाळेच्या फाटकाशी उभी, चेनला तेल घातलेलं. "मास्तर, इतकी सुकी चेन! कायले ठेवता सायकल?" असं म्हणून मलाच रागावला.

खरी कला मात्र धानाची. आमच्याकडे खळ्यावरच्या राशीवर राखणदार बोटांनी राखेच्या रेघा ओढून ठेवतो. कोणी हात घातला तर रेघ मोडते. हा धान काढायचा आणि रेघा पुन्हा जशाच्या तशा ओढायचा.

मग तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याने त्याचा जबडा खाल्ला, कॅन्सर झाला. डॉक्टरांनी दोन महिने दिले. हे कळताच आमच्या मुख्याध्यापकांना संस्कार शिबिर सुचलं. मरणाच्या दारातला चोर कबुली देईल, मुलं धडा घेतील. फलकावर पाहुण्यांचे सात फोटो होते, चोराचा नव्हता. त्याला शाल द्यावी की नाही यावर दोन बैठका झाल्या आणि गुलाबाचं फूल मंजूर झालं.

निमंत्रण घेऊन मी गेलो. त्याची एकच अट होती. "सोमाच्या बायकोले समोर बसवसान, त येईन."

सोमा गावातल्या एका मोठ्या शेतकऱ्याचा राखणदार. बारा वर्षांपूर्वी त्याच्या राखणीतली रास अर्धी झाली, पण रेघा शाबूत. म्हणजे ज्याने ओढल्या त्यानेच चोरलं, असं ठरलं. मालकाने त्याला चौकात मारलं. तिसऱ्या दिवशी सोमा शेतातल्या बोडीच्या, म्हणजे तळ्याच्या, पाण्यावर तरंगताना सापडला. तेव्हापासून त्याची बायको गावात 'चोराची बायको'.

शिबिराचे अध्यक्ष तेच मालक.

"लेकरं हो," चोर मंचावर जबडा हाताने धरून म्हणाला, "सोमा चोर नव्हता. ते धान मी चोरलो. त्याच्या बोटांच्या रेघा हुबेहूब ओढलो अन् माह्याच हातावर खुश झालो. एक रेघ मोडली असती, त तो वाचला असता."

अध्यक्षांनी माइक बंद करायची खूण केली. बटण माझ्यापाशी होतं. मला खूण दिसली नाही.

सोमाची बायको उभी राहिली. "तेव्हाच काऊन नाही सांगतला?"

त्याने मान वर केली नाही. "भेव लागलं, बाई. त्याले मारून राहिले होते तेव्हा मी गर्दीतच उभा होतो."

ती निघून गेली. टाळ्या कुठे वाजवायच्या हे मुलांना आधी शिकवलं होतं. कोणी वाजवल्या नाहीत. अध्यक्षीय भाषणात पश्चात्तापाचं महत्त्व आलं, फक्त चोराच्या.

पंधरा दिवसांनी तो गेला. मौतीला आम्ही पाच जण होतो. सोमाची बायको आली नाही. तिने यायला हवं होतं, असं मला वाटत नाही. पण तिला आता गावात 'सोमाची बायको' म्हणतात.

शिबिराच्या दिवशी त्याला धरून खाली उतरवलं तेव्हा चपला सापडेनात. मी सवयीने फाटकाच्या दिशेने शोधत गेलो. त्या मंचाच्या पायरीशीच होत्या, मंचाकडे तोंड करून.